सीतेची वेणी बांडगूळ नव्हे

झाडावर दुसरी वनस्पती वाढलेली दिसली की आपण तिला सरसकट बांडगूळ म्हणतो. आमच्या आजऱ्याकडे जुना आंबा साफ करताना कोयत्याने फांदीवरचे सगळेच खरवडून टाकतात. त्यात बांडगुळाबरोबर ‘सीतेची वेणी’ही जाते. म्हणून या दोघांतला फरक मला येथे सांगावासा वाटतो.

बांडगूळ फांदीच्या आत शिरते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते. सीतेची वेणी हे ऑर्किड आहे. ते मुळांनी साल घट्ट धरते, पण आत शिरत नाही. झाडाकडून त्याला फक्त उंचावरची जागा व उजेड हवा असतो. अन्न ते स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते.

मग मातीशिवाय पाणी कोठून मिळते? त्याच्या जाड मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पावसाचे व दवाचे पाणी टिपून आत पोहोचवते. कोरडे मूळ रुपेरी दिसते. भिजले की आतला हिरवा रंग उमटतो. सालीच्या भेगांत साचलेल्या पालापाचोळ्यातून क्षार मिळतात. कडक उन्हाळ्यात जाड पानांतला पाण्याचा साठा उपयोगी पडतो.

सह्याद्रीत मे-जूनच्या सुमारास त्याला लोंबता तुरा येतो. पांढऱ्या फुलांवर जांभळट-गुलाबी ठिपके असतात आणि एका तुऱ्यात शंभरावर फुले असू शकतात. हेच ऑर्किड ईशान्य भारतातही आढळते. माझा आसामी वर्गमित्र त्याला ‘कपौ फूल’ म्हणतो. बिहूच्या नाचात मुली ते अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ते राज्यफूल आहे.

याचे बी धुळीइतके बारीक असते व त्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि रोप फुलायला काही वर्षे जातात. कोयत्याच्या एका घावाने ती सारी वर्षे वाया जातात.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर फांदीकडे नीट पाहा. बांडगूळ फांदीतूनच फुटल्यासारखे दिसते आणि जोडाशी बहुधा गाठ असते. ऑर्किडची मुळे मात्र सालीवर बाहेरून पसरलेली दिसतात. ते झाडावरून काढू नका. वादळात फांदी मोडून ऑर्किड खाली पडलेच, तर सुतळीने दुसऱ्या खडबडीत सालीच्या झाडाला बांधा. नवी मुळे फुटली की ते स्वतःच झाडाला धरून राहील.