गिअरचं बटण अडलं तर...

२०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि क्लच नसलेली गाडी मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. आता आमच्या वर्सोव्यातच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही बायका ऑटोमॅटिक गाड्या सराईतपणे चालवतात. पण गाडी अडली की घरचे म्हणतात, ‘तू हात लावू नकोस, मेकॅनिक बघेल.’ मेकॅनिकला बोलवावंच, पण नेमकं काय अडलंय हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

आमचं मंडळ एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम करतं. एकदा ऐन मे महिन्यात मंडळातल्या एकीने एका आजींना डोळे तपासायला नेलं. दवाखान्याच्या दारात तिने गाडी ‘पी’वर लावली, पण किल्ली निघेना. पाहते तो गिअरच्या दांड्यावरचं बटण आतच रुतून बसलेलं! मागे हॉर्नचा गोंगाट, शेजारी ऐंशीच्या आजी. तिचा मला फोन आला, ‘ताई, काय करू?’ मी म्हटलं, ‘आधी हँडब्रेक ओढ, इंजिन बंद कर, मग आजींना उतरव. बटणाचं नंतर बघू.’

पहिला मेकॅनिक म्हणाला, ‘अख्खा दांडा बदलावा लागेल.’ दुसऱ्याने वरचं झाकण उघडलं, तर आत कोकम सरबत सुकून चिकट झालेलं. बाटली दांड्याशेजारच्या खाचेत ठेवलेली, रस्त्यात खड्डे. सरबत सांडायला आणखी काय हवं! साफसफाईवर काम भागलं.

म्हणून स्वतःला पहिला प्रश्न हा विचारायचा : बटण आत जात नाही, की आत गेलेलं बाहेर येत नाही?

बाहेर येत नसेल, तर बहुतेक वेळा आत साखर, धूळ, हाताला लावलेलं क्रीम असं काहीतरी साचलेलं असतं, नाहीतर स्प्रिंग बिघडलेली असते. समुद्राकाठच्या खारट, दमट हवेत लोखंड लवकर गंजतं, हेही लक्षात ठेवा. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून, कोमट पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने बटणाच्या कडा पुसा आणि बटण हलकेच दाबून-सोडून पाहा. पाणी ओतू नका, आत वायरी असतात. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेलही नको. तेलावर धूळ बसते आणि चिखल होतो. तरीही अडकत असेल तर गाडी चालवू नका. बटण आतच राहिलं तर दांडा नकळत दुसऱ्या गिअरमध्ये सरकू शकतो.

बटण आतच जात नसेल, किंवा जातं पण दांडा ‘पी’वरून हलत नसेल, तर तो बिघाड नसून कुलूपही असू शकतं. ब्रेक दाबल्याशिवाय गाडी ‘पी’मधून निघू नये, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. गाडी चालू करून ब्रेक पूर्ण दाबा आणि कुणाला तरी मागे उभं करून विचारा, ‘लाल दिवे लागले का?’ दिवे लागत नसतील, तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेलेला असण्याची शक्यता मोठी. बॅटरी उतरली तरी कुलूप उघडत नाही. दिवे लागत असतील, तर दोष दांड्याच्या आत असू शकतो, असं मेकॅनिकला सांगा.

बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, झाकणाखालची कळ दाबली की दांडा ‘एन’वर येतो. तुमच्या गाडीत ते आहे का, कुठे आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात आजच पाहून ठेवा. ही सोय अडचणीपुरतीच. मागचे दिवे लागत नसताना रस्त्यावर जाणं धोक्याचंच.

कोकणात, घाटात, चढावर राहणाऱ्यांसाठी एक सवय. ब्रेक दाबून गाडी ‘एन’वर घ्या, हँडब्रेक ओढा, ब्रेक हळू सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या. मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं आणि दांडा काढताना हिसका बसतो. सेलेरिओसारख्या एएमटी गाड्यांत मात्र ‘पी’ही नाही आणि हे बटणही नाही. त्या गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढूनच उभ्या करायच्या.

‘ते कुलूपच काढून टाकतो, कटकट नको,’ असं कुणी म्हणालं, तर साफ नाही म्हणा. अमेरिकेत मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने २००८ साली कायदा झाला. ‘पी’ असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलता कामा नये, असं त्यात बंधन आहे. आपली मुलंही उभ्या गाडीत चढून ‘ड्रायव्हर-ड्रायव्हर’ खेळतातच ना? तेव्हा बटणाशी जबरदस्ती नको आणि त्याच्या कुलपाशी तडजोडही नको.