मिरचीचे पान काय सांगते?

नंदुरबार म्हटले की लाल मिरची आठवते. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरच्या वाळत पडलेल्या असतात आणि दुरून पाहणाऱ्याला लाल जाजम अंथरल्याचा भास होतो. पण हे लाल वैभव पिकते ते हिरव्या पानांच्या जिवावर. ऐन वाढीच्या दिवसांत ही पाने पिवळी पडू लागली तर काय करावे? ‘पान पिवळे, म्हणजे युरिया टाका’ असा झटपट निर्णय पुष्कळदा घेतला जातो. तो चुकला तर खताचे पैसे वाया जातातच, शिवाय नत्र जादा होऊन लुसलुशीत झालेल्या झाडांवर रस शोषणाऱ्या किडींचे फावते. तेव्हा उपचारापूर्वी निदान हवे.

या निदानाची सुरुवात एका सोप्या प्रश्नाने होते : झाडाचे कोणते पान पिवळे झाले आहे, खालचे जून की शेंड्याचे कोवळे?

वनस्पतींना १७ मूलद्रव्ये आवश्यक मानली जातात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा व पाणी यांतून मिळतात. उरलेली १४ मुख्यतः जमिनीतून. त्यांपैकी नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडात सहज फिरू शकतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड जून पानांतला साठा काढून शेंड्याकडे पाठवते. घरात धान्य कमी असले की वडीलधारी माणसे आपल्या ताटातले लेकरांना देतात, तसेच हे. साहजिकच उपासमारीची खूण आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांसारखी मूलद्रव्ये मात्र एकदा जेथे बसली तेथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव कोवळ्या भागात प्रथम जाणवते.

आता दुसरा प्रश्न : पिवळेपणा कसा आहे? खालचे सबंध पान फिकट होत गेले तर नत्राची शंका घ्यावी. खालच्या पानांच्या कडा करपल्या तर पालाशची. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियमची. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो हे तुम्ही वाचले असेलच. पण हिरव्या शिरांचे हेच जाळे शेंड्याच्या पानांवर दिसले तर संशय लोहावर जातो. लोह हरितद्रव्याचा घटक नसले तरी ते तयार होण्यासाठी लागते.

येथे एक कोडे उभे राहते. तापीकाठची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर असते. मग झाडाला ते मिळत का नाही? उत्तर जमिनीच्या सामूमध्ये आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. अशा जमिनीत लोह न विरघळणाऱ्या रूपात बद्ध होते. सामू एका अंकाने वाढला तर फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते! कोठार भरलेले, पण किल्ली हरवलेली, अशी झाडाची अवस्था होते. शेतात पाणी साचून मुळे गुदमरली तर त्यात आणखी भर पडते.

निदान बरोबर आहे का, हे तपासण्याची एक सुंदर रीत आहे. युझेब ग्री या फ्रेंच संशोधकाने १८४३-४४ च्या सुमारास पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचे द्रावण लावून ती पुन्हा हिरवी होतात असे दाखवले. हा प्रयोग तुम्हीही शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकाल. १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम ताजे, हिरवट हिराकस विरघळवा. तपकिरी झालेले हिराकस घेऊ नका. शेंड्याच्या एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर संध्याकाळी हे द्रावण कुंचल्याने लावा. उरलेल्या अर्ध्या भागाला नुसते पाणी लावा. आठवडाभर रोज निरीक्षण करून वहीत नोंद ठेवा. द्रावण लावलेला भागच हिरवा झाला तर लोहाची उणीव होती असे समजावे. काहीच फरक पडला नाही तर दुसरे कारण शोधावे. पाने आक्रसली, वळली असतील तर खताच्या मागे न लागता पान उलटून पाहावे; फुलकिडे, कोळी किंवा विषाणू पसरवणारी पांढरी माशी तेथे सापडण्याचा संभव असतो.

लोहाची उणीव ठरल्यावर १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि २.५ ग्रॅम चुना या प्रमाणात केलेले, गाळून घेतलेले द्रावण फवारतात. चुन्यामुळे पाने भाजत नाहीत. पण फवारा पानाला बरे करतो, जमिनीला नव्हे. नवी पाने आली की तक्रार पुन्हा उद्भवू शकते. त्यासाठी शेणखत-कंपोस्ट घालणे, पाण्याचा निचरा सुधारणे आणि वाफसा पाहूनच पाणी देणे, हे दीर्घकाळचे उपाय होत.

पान आजार दाखवते, तर माती-परीक्षण त्याचे मूळ दाखवते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, लोह, जस्त अशा १२ बाबींची नोंद असते. तुमच्या घरी शेती असेल तर ही पत्रिका मागून घ्या, तिच्यातील सामूचा आकडा वाचा आणि मग शेतातल्या पानांकडे पाहा. दोघांची साक्ष जुळते का, हे तुम्हालाच ठरवता येईल.