श्वानासह मुक्काम

अतिथीच्या सत्काराविषयी आपल्याकडे जितके बोलले जाते तितके अतिथीच्या कर्तव्यांविषयी बोलले जात नाही. आणि त्या अतिथीबरोबर खांद्याशी सव्वादोन फूट उंचीचा, तीस किलोंच्या घरात वजन असलेला श्वान असेल, तर ही कर्तव्ये किती वाढतात याचा विचार, ज्यांच्यावर तो प्रसंग येतो तेही बहुधा मुक्कामाच्या दाराशी जाऊन उभे राहीपर्यंत करीत नाहीत. अलीकडे कित्येक हॉटेले आपल्या जाहिरातींत श्वानांचेही स्वागत असल्याचे आवर्जून नमूद करतात. परंतु ते स्वागत प्रत्यक्षात उतरते ते पशुवैद्याच्या दाखल्यापासून खोली पुसणाऱ्या बाईच्या फडक्यापर्यंत अनेक हातांनी केलेल्या कामामुळे. कुर्ल्याहून कोकणात आमच्या श्वानासह जाता-येता हे काम मला जवळून पाहावयास मिळाले आहे, आणि त्याचीच हकिकत येथे सांगावयाची आहे.

आमचा श्वान कारवानी जातीचा आहे. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव या जातीसाठी प्रसिद्ध आहे. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, अंगावर चरबीचा लवलेश नाही आणि केस इतके आखूड की थंड फरशीवर बसताना तो क्षणभर थबकतो. त्याचे नाव आम्ही खंड्या असे ठेवले. सातारच्या छत्रपती शाहू महाराजांचे प्राण शिकारीत ज्याच्यामुळे वाचले आणि ज्याला महाराजांनी पालखीचा मान दिला असे परंपरा सांगते, त्या खंड्याची समाधी संगम माहुली येथे आजही दाखवितात. एका श्वानाला पालखी देणाऱ्या मुलखात दुसऱ्या श्वानाला रात्रीपुरती कोपऱ्यातील चार हात जागा मिळविण्यासाठी मात्र बरीच तजवीज करावी लागते, आणि ती फार आधीपासून करावी लागते.

या तजविजीचा आरंभ दूरध्वनीवर होतो. ‘आमच्याकडे पाळीव प्राणी चालतात’ असे उत्तर मिळाल्यावर संभाषण संपले असे समजू नये; खरे संभाषण तेथून पुढे आहे. ‘चालतात’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मांडीवर मावणारा लहानगा असतो, आणि कित्येक ठिकाणी वजनाची मर्यादाही ठरलेली असते. म्हणून श्वानाची जात, उंची, वजन आणि वय आपण होऊन सांगावे, त्याचा उभा असलेला फोटो पाठवावा, आणि मग क्रमाने विचारावे: खोली तळमजल्यावर मिळेल काय, तिचे दार थेट अंगणात उघडते काय, फरशी गुळगुळीत आहे काय, आवारात मोकळी कुत्री किंवा कोंबड्या आहेत काय, श्वानासाठी निराळा आकार आणि अनामत रक्कम किती, आणि रात्री त्याला माणसांबरोबर त्याच खोलीत राहू देतील की बाहेर पिंजऱ्यात ठेवावयास सांगतील. एका ठिकाणी दूरध्वनीवर होकार देणारा गृहस्थ निराळा आणि दारात उभा असलेला निराळा निघाला, आणि भर दुपारी आम्हांला दुसरा निवारा शोधावा लागला. तेव्हापासून मंजुरी लेखी घेतल्याशिवाय आम्ही निघत नाही.

त्यानंतरचा टप्पा दाखल्याचा. रेल्वेने जावयाचे तर पशुवैद्याचा दाखला गाडी सुटण्यापूर्वीच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांतला असावा लागतो; त्यावर जात, रंग, लिंग यांची नोंद आणि लसीकरणाचा शेरा असतो. मुंबईत पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून हे शिक्षण देत आले आहे. आमचे वैद्य दाखला लिहिण्याआधी खंड्याला टेबलावर चढवीत नाहीत, स्वतः खाली बसतात. हिरड्या दाबून रंग परत येतो का पाहतात, मांडीच्या आतल्या बाजूस नाडी मोजतात, कोपरांवरील घट्टे चाचपतात. या जातीच्या हाडकुळ्या अंगाला कठीण जमीन सोसत नाही, म्हणून बिछाना घरूनच न्यावा असे ते दर वेळी बजावतात. कोकणात पावसाळी पाणी आणि गोचिडी या दोहोंचे भय, म्हणून रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसच्या लसीची मुदतही ते तपासतात. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत प्रवासापूर्वी किमान दोन तास श्वानाला अन्न दिलेले असावे आणि तो भुकेला वा तहानलेला असता कामा नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तो नियम करणाराने प्रवासी जनावराच्या पोटाचा विचार केला होता, हे वाचताना समाधान वाटते.

कुर्ला आणि रेल्वे यांचे नाते अतूट आहे. देशातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून निघून येथेच आली, आणि आज कोकणात जाणाऱ्या कित्येक गाड्या येथील लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटतात. नेहरूनगराकडून टर्मिनसपर्यंत आम्ही खंड्याला पायीच नेतो, कारण मोठा श्वान पाहिला की रिक्षावाला मान हलवून पुढे जातो. वाटेत प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तेथील कुत्र्यांची हद्द लागते. तेव्हा साखळी आखूड धरावी, पाऊल मंद ठेवावे, आणि श्वानाला आपल्या व भिंतीच्या मध्ये घ्यावे. हद्द ओलांडली की पाठलाग थांबतो.

टर्मिनसवरील पार्सलचे दप्तर हे या प्रवासाचे खरे प्रवेशद्वार होय. तरटात गुंडाळलेल्या मोटारसायकली, दोरीने आवळलेली खोकी, हंगामात आंब्यांच्या पेट्या, हातगाड्या ओढणारे हमाल, आणि या सर्वांमध्ये साखळीला धरून उभा असलेला, कान मागे टाकलेला एक उंच श्वान. रेल्वेचा दस्तूर असा आहे की श्वान न्यावयाचा तर वातानुकूलित प्रथम वर्गात दोन शायिकांची कूपे किंवा चार शायिकांची केबिन संपूर्ण आपल्या नावे असावी. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातील लोखंडी पेटीत बसवावे. इतर वर्गांत त्याला नेता येत नाही, आणि नेलाच तर सामानाच्या दराच्या सहापट आकार पडतो. कूपे मागण्यासाठी आगाऊ अर्ज द्यावा लागतो आणि ती मिळाली की नाही हे तक्ता लागेपर्यंत निश्चित होत नाही. शिवाय टर्मिनसवरून कोकणात जाणाऱ्या सर्वच गाड्यांना प्रथम वर्गाचा डबा नसतो, त्यामुळे आधी गाडी निवडावी आणि मग सुट्टीचे दिवस ठरवावे, असा उलटा क्रम धरावा लागतो.

कारकून श्वानाला काट्यावर चढवीत नाही, कारण त्याचे हिशेबातले वजन आधीच ठरलेले आहे: पेटीतून जाणाराचे ३० किलो, कूपेतून जाणाराचे ६० किलो; मग तो प्रत्यक्षात पोमेरेनियन असो की ग्रेट डेन. तो दाखला वाचतो, तिकिटावरील नाव पडताळतो, जात आणि रंग नोंदवहीत उतरवून घेतो, आणि पावती फाडून हातात देतो. गळपट्टा आणि साखळी सक्तीची. अन्नपाणी मालकाच्या जिम्मेवर. गार्ड या पदाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर असे नाव मिळाले, परंतु त्याच्या डब्यातील पेटी आहे तशीच आहे. मी ती वाकून पाहिली आहे. खंड्याला तिच्यात मान वर करून उभे राहता येणार नाही, आणि वैशाखात तिचा पत्रा किती तापत असेल हे हात लावताच कळते. ज्यांना कूपेचे भाडे परवडत नाही त्यांच्या श्वानांसाठी रेल्वेने अधिक उंच आणि हवेशीर पेटी करावी, ही मागणी मला अत्यंत रास्त वाटते.

कूपेचे दार लागले की गोधडी अंथरावयाची. वातानुकूलित डब्यातील थंडी आखूड केसांच्या श्वानाला बाधते, म्हणून एक घडी खाली आणि एक अंगावर. पनवेल सुटेपर्यंत खंड्या उभाच असतो. चाकांची लय अंगवळणी पडली की तीनदा गोल फिरून बसतो. उक्षीच्या पुढे गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरते, आवाज एकाएकी दाटतो आणि तो डोके वर उचलून आमच्याकडे पाहतो. अशा वेळी त्याला कुरवाळीत बसण्यापेक्षा आपण स्वस्थ पडून राहिलो तर तोही अधिक लवकर स्वस्थ होतो. पुढचे मोठे स्थानक रत्नागिरी.

रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या ज्या निवासात आम्ही उतरतो ते कौलारू, चिरेबंदी आणि एकमजली आहे. तेथे पोहोचल्यावरही श्वानाला तडक आत नेऊ नये. आधी एकाने जाऊन नोंदवहीत नाव लिहावे, दुसऱ्याने श्वानाला आवारात निवांत फिरवून मोकळे होऊ द्यावे, आणि मग त्याच्याआधी आपण खोलीत शिरून ती गुडघ्यांवर बसून पाहावी. पलंगाखाली उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाची वडी असते, कोपऱ्यात डासांच्या अगरबत्तीची राख असते, पडवीच्या गजांत डोके अडकेल एवढी फट असते. हे दूर केल्यावर गोधडी दारापासून लांबच्या कोपऱ्यात घालावी, म्हणजे कोणी दार ठोठावल्यास तो दचकून अंगावर जाणार नाही. पलंगावर व खुर्चीवर घरून आणलेल्या चादरी पसराव्या. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, म्हणून गोधडीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी अंथरावी. पहिला तासभर खोलीतच बसावे. श्वान नवी जागा नाकाने वाचतो, आणि ते वाचन पुरे झाल्यावाचून त्याला झोप येत नाही.

पुढचे नियम साधे परंतु न मोडण्याचे आहेत. श्वानाला खोलीत एकटे सोडावयाचे नाही. परक्या जागी एकटा पडलेला श्वान दार ओरबाडतो, आणि त्या ओरखड्यांची भरपाई अनामतीतून होते, शेजारच्या खोलीतील माणसाच्या मोडलेल्या झोपेची होत नाही. म्हणून आम्ही उभयता पाळीपाळीने जेवतो. स्वयंपाकघरातून कोणी प्रेमाने रश्श्यातले तुकडे आणून दिले तर हात जोडून परत करावे, कारण कांदा-लसूण श्वानाला विषासमान आहे. बिनमिठाचा भात आणि उकडलेली कोंबडी एवढेच मागावे. ही जात दृष्टीने शिकार करणारी आहे. शेजारच्या परड्यात कोंबडी पळाली की हाक कानांत शिरत नाही, म्हणून आवारात साखळी हातातून सुटता कामा नये. कोणाचे मूल भ्याले तर ‘तो काही करत नाही’ असे म्हणण्याऐवजी आपणच वाट सोडून उभे राहावे. आणि रोज संध्याकाळी कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या व गळपट्ट्याखालची कातडी बोटांनी चाचपून गोचिडी काढाव्या.

या सर्वांहून मला अधिक शिकविले ते तेथील खोल्या आवरणाऱ्या मावशींनी. एकदा आम्ही निघण्याच्या दिवशी त्या काम करीत असता मी दारात उभा होतो. त्यांनी झाडू घेतलाच नाही. कोरड्या झाडूने केस उडतात आणि पुन्हा पडद्यांवर बसतात, म्हणून आधी ओल्या फडक्याने भिंतीच्या कडेकडेने पुसून केसांची वळी करून घेतली, मग मधली जमीन पुसली. गादीवर रबरी हातमोजा घालून हात एकाच दिशेने ओढला. आखूड, सुईसारखे रुतलेले केस मोज्याला चिकटून वर आले. खिडकीची काच खालच्या दोन फुटांत निराळी पुसली, कारण तेथे नाकाचे डाग होते. हे चालले असता त्या म्हणाल्या, “भाऊ, कुत्र्याचा मला काय जाच नाय. पण घाण झाली तर माणसं सांगत नायत, सतरंजीखाली झाकून जातात, तो जाच.” इतर खोलीला लागतो त्याच्या दुप्पट वेळ या खोलीला लागतो, आणि त्या दिवशीच्या खोल्यांची संख्या मात्र तेवढीच राहते, हेही त्यांनी कामाच्या ओघात सांगितले.

त्या बोलण्यात या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. एखाद्या निवासाने श्वानांना दार उघडले तर ते दार पुढे उघडे राहील की नाही, हे मालकाच्या धोरणावर जितके अवलंबून असते तितकेच आधीच्या श्वानपालकाने खोली कशी सोडली यावर असते. मोठ्या श्वानाच्या बाबतीत तर एका कुटुंबाची हयगय पुढच्या सर्वांना भोगावी लागते, कारण नाकारावयाचे झाले तर प्रथम नाकारला जातो तो मोठाच. म्हणून आम्ही निघण्यापूर्वी केर स्वतः काढतो, चादरी झटकून घडी घालतो, काही डागाळले असेल तर ते दाखवून सांगतो, आणि अंगणातील विष्ठा कागदात उचलून कचऱ्यात टाकलेली असते. पण एवढ्याने ऋण फिटत नाही. श्वानाच्या नावाने घेतला जाणारा निराळा आकार व्यवस्थापकाच्या दप्तरी जमा होतो. दुप्पट वेळ वाकून काम करणाऱ्या मावशींच्या पदरात त्यातले काही पडतेच असे नाही. ज्या हॉटेलांना श्वानांचे स्वागत मनापासून करावयाचे आहे त्यांनी त्या खोलीसाठी वाढीव वेळ आणि त्या आकारातला वाटा मावशींना नेमून द्यावा. आणि जोवर तसे होत नाही तोवर खोलीची किल्ली परत करण्याआधी तो वाटा त्यांच्या हातात स्वतः ठेवणे, हे श्वान घेऊन येणाऱ्या प्रत्येक अतिथीचे कर्तव्य आहे.