जुन्या पिकअपमधील व्हॅक्यूमची गळती : ओळख व तपासणी

तुमसर, पवनी, लाखनी, साकोली या भागांत धानाची पोती आणि भाजीपाला वाहणारी एखादी जुनी पिकअप म्हणजे एका कुटुंबाचा उदरनिर्वाह असतो. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ब्रेकने दगा दिला तर जीवच जातो. म्हणून अशा गाड्यांतील, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका दोषाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

व्हॅक्यूम स्वतः काहीच ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या स्तंभाएवढा असतो. ब्रेक बूस्टरमधील रबरी पडद्याच्या एका बाजूची हवा काढून घेतली, की पेडल दाबताच दुसऱ्या बाजूची हवा पडद्यावर जोर देते आणि पायाचे श्रम हलके होतात.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असल्यामुळे व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. कार्बोरेटरखालचे पॅकिंग फाटले, मॅनिफोल्डचे गॅस्केट बसले किंवा एखादी नळी तडकली, की न मोजलेली हवा आत शिरते. परिणामी इंजिन जागेवर अडखळते, कधी रेस आपोआप वाढते, कधी गाडी बंद पडते. वेग वाढल्यावर मात्र दोष लपून जातो. तपासणीसाठी इंजिन चालू ठेवून सांध्यांवर थोडे थोडे पाणी शिंपडावे. वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नये. पाण्याने छिद्र क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. काही जण याच कामासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर ते आगीला आमंत्रण आहे.

१९८८ मध्ये टाटांची डिझेलवरील टाटामोबाइल पिकअप आली. डिझेल इंजिनात अशी झडप सहसा नसते. म्हणून बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात; बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो. 'गाडीने एअर घेतली' असे आपण म्हणतो, तो दोष डिझेलच्या नळीतील हवेचा असतो. त्याचा व्हॅक्यूमशी संबंध नाही. व्हॅक्यूम गळाला तरी डिझेल इंजिन व्यवस्थित चालते, फक्त ब्रेक जड होतो. धोका यातच आहे, कारण चालकाला गाडी ठीकच वाटते.

यासाठी पुढील तीन परीक्षा सपाट जागी, चाकांना दगड लावून कराव्यात.

१) इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक झाले की तसेच दाबून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. न गेल्यास बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोहोचत नाही किंवा बूस्टर खराब आहे.

२) इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे व थोड्या वेळाने पेडल दाबावे. पहिली दाब मऊ लागली पाहिजे. पहिलीच कडक लागल्यास साठा गळला आहे. एकमार्गी झडप किंवा नळी तपासावी.

३) इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे व इंजिन बंद करावे. अर्ध्या मिनिटात पेडल पायाला वर ढकलू लागले, तर बूस्टरमध्ये गळती असण्याचा संभव आहे.

दोष आढळल्यास स्वस्त भागापासून सुरुवात करावी. आधी क्लिप घट्ट कराव्यात. मग नळी वाकवून तडे पाहावेत. त्यानंतर पंपाजवळची नळी काढून तोंडावर बोट ठेवावे. ओढ जोरदार असेल तर पंप ठीक, दोष पुढे आहे. ओढ कमी असेल तर पंप व त्याला तेल पुरवणारा पाइप पाहावा. इंजिन चालू असताना पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवावेत. बूस्टर खोलण्याचे काम जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे.

शेवटी एक विनंती. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करू नये. इंजिन थांबले की पंपही थांबतो आणि साठा एक-दोन दाबांपुरताच उरतो. पोती भरलेल्या गाडीला तेवढा पुरत नाही. चालक बंधूंनी या परीक्षा महिन्यातून एकदा कराव्यात. त्यांना पाच-दहा मिनिटेच लागतात आणि पैसा एकही लागत नाही.