एक फोन, अनेक डॉक्टर

ऑपरेशन किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पाय सुजला, तर दुर्लक्ष करू नये. तिथल्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर दम लागतो, प्रसंगी प्राणही जातो. हेपॅरिनने गुठळीची वाढ थांबते. ती विरघळवणारे औषध जोरदार. पण त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. मग ते द्यावे, नळीने गुठळी काढावी, की शस्त्रक्रिया करावी? एकट्या डॉक्टराला हे ठरवणे अवघडच. म्हणून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१२ साली खास पथक उभारले. एका फोनवर हृदय, फुप्फुस, रक्तविकार, शस्त्रक्रिया यांचे तज्ज्ञ एकत्र विचार करून निर्णय देतात. आम्हा बँकवाल्यांना दोन सह्यांचा चेक ठाऊक आहे. पण आमच्याकडे दुसरी सही उद्या मिळाली तरी चालते.