एक्स-रे चांगला, मग दुखते कशाने?

पाय मुरगळला, चटका बसला, हाड मोडले की दुखते. हे दुखणे त्रासाचे असले तरी उपयोगाचे असते. जखम भरली की ते आपोआप थांबते. काही दुखणी मात्र थांबतच नाहीत. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला आम्ही जुनाट वेदना म्हणतो.

असे रुग्ण येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत फोटोंचा आणि रिपोर्टांचा गठ्ठा असतो. ‘डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे म्हणतात, पण रात्रभर कंबर ठणकते.’ रुग्ण बाई असेल तर सोबतचे घरचे माणूस हळूच सांगते, ‘काही नाही हो, कामाचा कंटाळा.’ हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता चीड येते. ती बाई खोटे बोलत नसते.

वेदनेचा निरोप मज्जातंतूंतून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जातो. महिनोन्महिने निरोप जात राहिला की ही यंत्रणाच हळवी होते. दारावरच्या घंटेचे बटण अडकावे, माणूस निघून गेला तरी घंटा वाजतच राहावी, तसे होते. नागीण बरी होते, पण त्या जागेची आग कित्येक महिने जात नाही, ती यामुळेच. मधुमेहात तर मज्जातंतूच खराब होतात आणि तळपाय जळजळतात. एक्स-रेमध्ये हाड दिसते, मज्जातंतूचा हळवेपणा दिसत नाही.

उलट प्रकारही आहे. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या १०० पैकी ३७ जणांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या १०० पैकी ९६ जणांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या आढळल्या. तेव्हा ‘गॅप आली’ एवढे ऐकून हातपाय गाळण्याचे कारण नाही.

मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक फाटक असते. लागलेल्या जागी आपण चटकन चोळतो आणि बरे वाटते, ते हे फाटक थोडे मिटल्यामुळे. मेंदूकडून येणारे संदेशही ते उघडतात किंवा मिटवतात. म्हणून जागरण, काळजी, उदासपणा यांनी दुखणे वाढते. याचा अर्थ ते मनाचे खेळ आहेत असा नव्हे.

जुनाट वेदना कोणालाही गाठते. पुरुषांपेक्षा बायकांना अधिक, वय वाढेल तशी अधिक. ऊसतोड, हमाली, खुरपणी अशी अंगमेहनत करणारे यात पुष्कळ असतात आणि त्यांना विश्रांती परवडत नाही. मग मेडिकलमधून रोजची गोळी सुरू होते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर जठराला व्रण पडतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. दुखणे मात्र तिथेच.

अशा वेळी अमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा आम्ही रात्री देतो. मूळचे हे उदासपणावरचे औषध, त्यामुळे ‘डॉक्टरांनी मला वेडाची गोळी दिली’ म्हणून काही जण ती फेकून देतात. ती मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करते. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर. गोळीइतकेच महत्त्व हालचालीला आहे. अंथरूण धरून पडल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. आज दहा मिनिटे चालावे, आठवड्याने बारा. थोडे दुखेल, पण त्याने इजा होत नाही.

काही दुखणी मात्र थांबू देत नाहीत. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरीही तपासणी लांबणीवर टाकू नये.