सोलापूरच्या अंगणात लॉन कशाला? डाळिंब लावा!

मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि नळाला रोज पाणी नाही, अशा गावात हिरवळीचा हट्ट म्हणजे हौसेला मोल नाही!

घरापुढे डाळिंब लावून बघा. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे. शोभेला म्हणाल तर त्या लालभडक फुलांपुढे नर्सरीतली महागडी झाडं फिकी (माझं मत!).

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि डाळिंबाला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. म्हणून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, त्यात माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरा. रोप जरा उंचवट्यावर लावा. तीन-चार खोडं ठेवून बाकीचे फुटवे काढत राहा. बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरा, ओल टिकते. पानांवर तेलकट डाग दिसले तर तो तेल्या. रोगट फांद्या छाटून जाळा.

कडेला सदाफुली, कोरफड, कुंपणावर बोगनवेल. कण्हेर विषारी असते, लहान मुलं असतील तर टाळाच.

खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्या, रोप पावसाळ्याच्या तोंडावर लावा. तुमच्या अंगणात काय टिकलंय, कमेंटमध्ये फोटो टाका!